कान शाबूत, तरी ऐकू येईना

बाळाच्या कानात इवलंसं बोंडूक घालून ‘टिक-टिक’ ऐकवतात आणि कानातून परत येणारा क्षीण प्रतिध्वनी मोजतात. ही ओएई चाचणी. अहवाल ‘पास’ आला की घरचे निश्चिंत होतात. पण काही मुलं ती पास होऊनही ठार बहिरी असतात!

गोम आहे ओटीओएफ या जनुकात. तो ‘ओटोफर्लिन’ नावाचं प्रथिन बनवतो. आतल्या कानातल्या केशपेशींना आवाज कळतो, पण तो निरोप मज्जातंतूकडे सोपवायला हे प्रथिन लागतं. ते नसेल तर पत्र लिहून तयार, पण पोस्टमनच नाही अशी गत. प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या, तिथल्याच बाहेरच्या बाजूच्या केशपेशी मात्र ठणठणीत, म्हणून चाचणी फसते.

शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात अशा सहा मुलांच्या एकेका कानात निरोगी जनुक सोडला गेला. वाहक होता निरुपद्रवी केलेला एएव्ही विषाणू. अडचण अशी की जनुक त्याच्या पोटात मावेना! मग जनुकाचे दोन तुकडे दोन विषाणूंत भरले. ते पेशीत जाऊन जुळले. ही युक्ती मला तरी उपचाराहूनही मोठी वाटते. सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. जानेवारी 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

जन्मजात बहिरेपणाची कारणं अनेक; हा इलाज फक्त या एका दोषावरचा. तेव्हा ओएई पास होऊनही बाळ आवाजाला दाद देत नसेल, तर थांबू नका. आवाजाचा निरोप मज्जातंतूतून मेंदूकडे जातो का, हे पाहणाऱ्या ‘बेरा’ तपासणीचा डॉक्टरांकडे आग्रह धरा.