धूर, धूळ आणि आपली त्वचा

चंद्रपुरात पांढरा रुमाल संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नाही, हे इथल्या कुठल्याही बाईला वेगळं सांगावं लागत नाही. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने आणि रस्त्यावरून धडधडत जाणारे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी जाहीर केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. अशा गावात मी ब्युटी पार्लर चालवते. त्यामुळे एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो, "ताई, ती प्रदूषणापासून वाचवणारी क्रीम खरंच काम करते का हो?"

विचारणारीच्या हातात पाच-सहाशे रुपयांची ट्यूब असते. किराण्यातून वाचवलेले, कधी बचत गटातून उचललेले पैसे. गालावर वांग उमटलेले असतात आणि घरीदारी कुणीतरी बोललेलं असतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं.

आधी धूळ त्वचेचं करते काय, ते बघू. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. धुरातले सगळ्यात त्रासदायक कण २.५ मायक्रॉनपेक्षाही बारीक. या कणांवर कोळसा, डिझेल, लाकूड जळताना तयार होणारी रसायनं चिकटून येतात आणि ती त्वचेत रंगद्रव्य वाढवणारी यंत्रणा जागी करतात. जर्मनीत ७० ते ८० वर्षांच्या ४०० स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. वाहनांच्या काजळीत जास्त राहिलेल्या स्त्रियांच्या कपाळावर आणि गालांवर काळे डाग सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळले. आपल्या सावळ्या त्वचेवर तर डाग लवकर उमटतात आणि जाता जात नाहीत. त्यात ऊन पडलं की काजळीतली काही रसायनं आणखी घातक होतात.

आता ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात असलेली नावं वाचू या.

नायसिनामाइड : हे ब-३ जीवनसत्त्व. त्वचेचं संरक्षक कवच घट्ट करतं आणि रंगद्रव्य वरच्या थरात पसरू देत नाही. ४ ते ५ टक्के पुरेसं असतं. यावर बराच अभ्यास झालाय आणि ते फार महागही नाही. पहिली पसंती मी यालाच देते.

क आणि ई जीवनसत्त्व : प्रदूषित हवेतला ओझोन त्वचेच्या वरच्या थरातलं ई जीवनसत्त्व संपवतो. म्हणून ही जोडी, सोबत फेरुलिक आम्ल असेल तर उत्तमच. पण क जीवनसत्त्व हवेनं आणि उजेडानं लवकर बिघडतं. गडद रंगाची, घट्ट झाकणाची बाटली घ्या. आतलं द्रव्य तपकिरी झालं, की ते टाकून द्यायचं.

सेरामाइड आणि ग्लिसरीन : त्वचेच्या पेशी म्हणजे विटा आणि सेरामाइड म्हणजे मधला चुना. चुना उडाला की भिंतीतून पाणी झिरपतं, तसंच कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेतून घाण आत जाते. साधं ग्लिसरीनयुक्त मॉइश्चरायझरही इथे चांगलं काम करतं.

बायोसॅकराइड गम : साखरेच्या जातीचा हा पदार्थ चेहऱ्यावर पातळ पडदा धरतो, म्हणजे कण थेट चिकटत नाहीत आणि धुताना सहज निघतात. कल्पना चांगली आहे, पण केवळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

कोळशाचा फेसवॉश : याची जाहिरात जोरात असते. पण अर्ध्या मिनिटात धुऊन टाकायच्या फेसात कोळसा ओढून ओढून ओढणार किती? साध्या सौम्य फेसवॉशने तेच काम होतं.

सनस्क्रीन : हिच्याशिवाय बाकी सगळं फुकट. किमान एसपीएफ ३०, आणि चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल एवढं. वांग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी.

केसांचं काय? खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवलं. पण चप्प तेल लावून स्कूटीवर निघालात, तर सगळी धूळ केसांतच बसणार. तेल रात्री किंवा न्हाण्याआधी लावा. डायमेथिकोन असलेलं कंडिशनर केसावर गुळगुळीत थर देतं. आणि बाहेर पडताना सुती स्कार्फ, रोज धुतलेला.

खरेदी करताना एक युक्ती लक्षात ठेवा. भारतातल्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. ज्या घटकाची जाहिरात चालली आहे त्याचं नाव सुगंधाच्याही खाली असेल, तर तो बहुधा नावापुरताच आहे. 'प्रदूषणरोधक' हा शब्द छापण्यासाठी कंपनीला कुठली ठरावीक सरकारी परीक्षा द्यावी लागत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि काय करू नये? बाहेरून आल्यावर बेसनाने खसाखसा घासू नका, लिंबू चोळू नका. आठ दिवसांत गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये स्टेरॉइड असू शकतं. त्यानं चेहरा आधी उजळतो, मग पातळ होऊन लाल पडतो. डाग वाढतच असतील, तर मीसुद्धा त्वचारोगतज्ज्ञांकडेच पाठवते.

थोडक्यात, संध्याकाळी सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. पैसे उरले तर नायसिनामाइड. एवढ्यात आपलं काम भागतं.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र कुठलीच ट्यूब करू शकत नाही. ती आपली फुप्फुसं वाचवत नाही. तोंडाला बांधलेल्या ओढणीतून बारीक कण आरामात आत जातात, आणि चुलीचा धूरही त्यातलाच. तेव्हा चेहऱ्याची काळजी जरूर घ्या, पण कोळशाचे ट्रक ताडपत्रीनं झाकले जावेत, रस्त्यावर पाणी मारलं जावं, ही मागणी ग्रामसभेत आणि नगरसेवकाकडेही लावून धरा. तिथे आपण चौघी जरी एकत्र उभ्या राहिलो, तरी ऐकून घ्यावं लागतं.