सहा नाटकांचा पुरावा कुठून आणायचा?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा किंवा आसपासचे कोणतेही गाव घ्या. १४ एप्रिलच्या रात्री मंडप पडतो, कॉलेजात शिकणारी एखादी पोरगी नऊवारी नेसून रमाई उभी करते. बायाबापड्या पदराने डोळे पुसतात, कुणी शंभराची नोट बक्षीस देते. सकाळी मंडप सुटतो आणि घरचे म्हणतात, आता हा नाद पुरे, स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव.

घरच्यांची भीती खोटी नाही. तमाशाच्या फडात आमच्या माणसांच्या कितीतरी पिढ्या नाचल्या, कला आमची आणि मान मात्र दुसऱ्याचा. म्हणूनच आंबेडकरी जलशाने शृंगार टाकला आणि वग प्रबोधनाला लावला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी पायपीट केली. पण जलसाकारांनी कला सोडली नव्हती, तिचा मालक बदलला होता, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीच रंगमंचावर आणले, आणि १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्यात नागपुरात ते लोकांपुढे झाले. नाटक म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असता तर त्या सोहळ्यात त्याला जागा मिळाली असती काय?

आता प्रश्न शिक्षणाचा. आवाज कुठून काढायचा, श्वास कसा राखायचा, रडण्याचे सोंग न करता दुःख कसे दाखवायचे, ही विद्या आहे. टाळ्यांनी ती येत नाही. २०१२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ मध्ये जालना जिल्ह्यातली शेतकऱ्यांची पोरे होती. लेखक राजकुमार तांगडे त्याच मातीतले. ती पोरे उपजत हुशार होतीच, पण नंदू माधव यांच्यासारखा दिग्दर्शक तालमीला उभा होता, हेही तितकेच खरे.

ही विद्या सरकारी खर्चाने मिळते. नागपूरहून मालेगाव-मेहकरमार्गे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने पुढे गेले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्राची अकादमी. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय तर १९५९ पासून केंद्र सरकारच्या पैशावर चालते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राखीव. बीड जिल्ह्याच्या खेड्यातून निघालेले वामन केंद्रे तिथेच शिकले आणि पुढे तिथलेच संचालक झाले.

आमचा वकिली स्वभाव प्रवेशाची अट आधी वाचतो. दिल्लीला पदवी लागते, हिंदी-इंग्रजीची कामापुरती जाण लागते, आणि किमान सहा नाटकांत भाग घेतल्याचा पुरावा लागतो. गोम इथे आहे. आमच्या पोरीने दहा वर्षे रमाई केली, पण कागद कुठे? जयंतीच्या पत्रिकेवर नगरसेवकाचा फोटो, वर्गणीदारांची नावे, डीजेवाल्याचा मोबाईल नंबर. नाटकाचे नाव नाही, कलावंताचे तर नाहीच. शहरातल्या पोराजवळ मात्र एकांकिका स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची फाईल तयार असते. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणतात तिचा बराचसा भाग या फायलीत असतो!

म्हणून जयंती मंडळांना आमचे सांगणे साधे आहे. पत्रिकेवर नाटक, लेखक, दिग्दर्शक, प्रत्येक नट, तारीख आणि ठिकाण छापा. प्रयोगाचे फोटो काढा, सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र द्या. दरवर्षी तेच एकपात्री नको, प्रेमानंद गज्वींचे ‘घोटभर पाणी’ करा, त्याला दोनच नट लागतात आणि नेपथ्याचा खर्च जवळजवळ नाही. राज्य नाट्य स्पर्धेत संघ उतरवा, तिथला कागद कुणी नाकारत नाही. वर्षाला दोन नाटके धरली तरी पदवी होईपर्यंत सहा भरतात. अर्जाची फी आणि चाचणीला जाण्याचे भाडे डीजेच्या एका रात्रीच्या बिलातून सहज निघेल. यंदा वर्गणीची बैठक बसेल तेव्हा हा विषय पहिला घ्यावा.