रविवारच्या हॉकीतली शिट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रविवारी सकाळी एखाद्या शाळेच्या मैदानावर पोट सुटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली माणसं हॉकी खेळताना तुम्ही पाहिली असतील. कुणी बँकेतला, कुणी रेल्वेतला, कुणी गॅरेजवाला. बक्षीस नाही की पेपरात नाव नाही. मग पंच कशाला हवेत? हवेत, कारण चेंडू हौशी खेळाडूलाही तितकाच लागतो. त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं आणि तो दगडासारखा टणक असतो.

हॉकीला दोन पंच असतात. प्रत्येकजण मुख्यतः आपापली अर्धी बाजू सांभाळतो आणि आपल्या ‘डी’मधले निर्णय देतो. हौशी सामन्यात पहिली अडचण अशी, की प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या शाळेच्या दिवसांतले नियम असतात. ऑफसाइड १९९८ साली नियमांतून गेला. तरी पन्नाशीचा बचावपटू हात वर करून ओरडतोच. खांद्याच्या वर स्टिक गेली की फाउल, हेही आता राहिलेलं नाही. कुणाला धोका नसेल तर तसा चेंडू खेळता येतो. पायाला चेंडू लागला म्हणजे दर वेळी शिट्टी, हाही गैरसमजच. त्यातून फायदा झाला का, हे पंचानं पाहायचं असतं.

म्हणून सामन्याआधी दोन्ही कप्तानांना बोलावून पाच मिनिटं बोलावं. आपल्या खेळाडूंच्या वागण्याची जबाबदारी नियमांनीच कप्तानावर टाकली आहे. पुढं वाद झालाच, तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी ताकीद. मग हिरवं कार्ड, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पिवळं कार्ड, म्हणजे किमान पाच मिनिटं. लाल कार्ड, म्हणजे त्या दिवसाचा खेळ संपला. बाहेर गेलेल्याच्या जागी दुसरा येत नाही, त्यामुळं शिक्षा सगळ्या संघाला जाणवते.

नियम अवघड नाहीत. अवघड असतो तो समोरचा ओळखीचा चेहरा. एकदा शिट्टी माझ्याकडं होती. एका जुन्या दोस्तानं गर्दीत दोनदा स्टिक जोरात फिरवली. मी हसून म्हणालो, ‘अरे, जरा जपून.’ कार्ड खिशातच राहिलं. तिसऱ्या वेळी ती स्टिक एका तरुणाच्या बोटांवर बसली. तो शिवणकाम करणारा होता. महिनाभर त्याचं मशिन बंद राहिलं. पुढच्या रविवारी तो हाताला बँडेज बांधून मैदानाच्या कडेला बसला होता. मला एका शब्दानं बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा दोस्तही माझ्याशी भांडतो, कारण आता पहिल्याच वेळी मी त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतो. बसताना तो पुटपुटतो. सामना संपल्यावर चहा मात्र तोच सांगतो.

हौशी खेळात पंचानं कडक असावं ते कुणाचा अपमान करायला नव्हे. सोमवारी सकाळी प्रत्येकाला धड हातापायांनी कामावर जायचं असतं, एवढं ध्यानात ठेवलं की शिट्टी वेळेवर वाजते.