आकाशगंगेभोंवतींचे ताऱ्यांचे ओघ



लोणावळ्याहून राजमाचीकडे सह्याद्रीची जी धार गेली आहे, तिच्यावर आषाढांत पडणाऱ्या पावसाचा क्षणभर विचार करावा. धारेच्या अलीकडे पडलेलें पाणी इंद्रायणीस मिळतें, तुळापुरास भीमेंत जातें आणि पुढें कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास पोंचतें. चार पावलें पलीकडे पडलेलें पाणी उल्हास नदी अरबी समुद्रास नेते. आरंभींचा फरक अगदीं थोडा. अंतीं मात्र दोन समुद्रांचें अंतर. ताऱ्यांच्या जगांतही असाच एक प्रकार घडतो. तो आज आपणांस पाहावयाचा आहे.

आपला सूर्य ज्या आकाशगंगेंत आहे, तिच्या तबकडीचा व्यास सुमारें १ लक्ष प्रकाशवर्षें आहे. या तबकडीभोंवतीं ताऱ्यांचे गोलाकार पुंज आणि लहान लहान दीर्घिका प्रदक्षिणा घालीत असतात. पुंजाची जी बाजू आकाशगंगेच्या मध्याकडे असते तिच्यावर ओढ अधिक, दूरच्या बाजूवर कमी. चंद्राच्या अशाच असमान ओढीनें समुद्रास भरती येते. परंतु समुद्र पृथ्वीस सोडून जात नाहीं. पुंजाचें स्वतःचें आकर्षण मात्र दुबळें असतें, आणि त्याच्या कडेचे तारे दोहों बाजूंनीं सुटूं लागतात.

येथें एक गोष्ट प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. आंतल्या बाजूनें सुटलेला तारा मध्याकडे कोसळत नाहीं. त्याची कक्षा किंचित् लहान झालेली असते, फेरी लवकर पुरी होते, म्हणून तो पुंजाच्या पुढें निघून जातो. बाहेरच्या बाजूनें सुटलेल्याची कक्षा मोठी, म्हणून तो मागें पडतो. कोट्यवधि वर्षें हा क्रम चालला म्हणजे पुंजाच्या पुढें एक व मागें एक अशा दोन लांब शेपट्या तयार होतात. हाच ताऱ्यांचा ओघ. नदीस पात्र असतें, कांठ असतात. या ओघास यांपैकीं कांहींच नाहीं. प्रत्येक तारा आपापल्या कक्षेंत स्वतंत्र फिरतो. सर्वांचें मूळ घर एक आणि कक्षा जवळजवळ सारख्या, एवढ्यावरच तो धागा टिकून राहतो.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. १९९४ सालीं इबाटा, गिल्मोर आणि अर्विन या ज्योतिर्विदांस धनु राशीच्या दिशेस, आकाशगंगेच्या मध्याच्याही पलीकडे, एक लहान दीर्घिका आढळली. ती तुटत आहे, आणि तिच्यांतून सुटलेल्या ताऱ्यांनीं आपल्या आकाशगंगेस वेढा घातला आहे. २००१ सालीं पालोमार ५ या पुंजाच्या दोन्ही शेपट्या दिसून आल्या. २००६ सालीं सप्तर्षींच्या परिसरांतून जाणारा जीडी-१ नांवाचा अतिशय बारीक ओघ सांपडला. त्याचा जनक पुंज आज कोठेंही दिसत नाहीं. पुढें, डिसेंबर २०१३ मध्यें सोडलेल्या गाया या युरोपीय यानानें सुमारें १८० कोटी ताऱ्यांचीं मोजमापें केलीं. एवढ्या गर्दींतून एकाच घरचे तारे हुडकण्याची एक गणिती रीत ख्याती मल्हान यांनीं इबाटा यांच्यासह २०१८ सालीं मांडली, आणि तिच्या साह्यानें अनेक नवे ओघ उजेडांत आले.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हे ओघ आकाशगंगेचा तराजू आहेत. ओघ कोठें व किती वळतो, यावरून त्याला वळविणाऱ्या द्रव्याचें मान काढतां येतें. आणि तें मान डोळ्यांस दिसणाऱ्या तारे-वायूंच्या बेरजेहून पुष्कळच अधिक भरतें. हें न दिसणारें कृष्णद्रव्य कशाचें बनलें आहे, हा आजच्या पदार्थविज्ञानांतील अनुत्तरित प्रश्न आहे. जीडी-१ या धाग्यांत तर एके ठिकाणीं खंड पडला आहे व बाजूस एक फांटा फुटला आहे. सूर्याच्या १० लक्ष ते १० कोटी पट वस्तुमानाचा एखादा गोळा जवळून गेला असतां असें घडूं शकेल, असें गणित सांगतें. तेथें शोभेल असा कोणताही ज्ञात पुंज मात्र आढळत नाहीं. तो गोळा कृष्णद्रव्याचाच असेल काय? तसें सिद्ध झालें, तर ज्याचा प्रकाश नाहीं त्याचा पत्ता त्यानें मोडलेल्या धाग्यावरून लागला, असें म्हणावें लागेल.

हे ओघ नुसत्या डोळ्यांस दिसावयाचे नाहींत. तथापि पावसाळा सरल्यावर, आश्विनांतील अंधाऱ्या सायंकाळीं, मावळांतील एखाद्या पठारावरून नैर्ऋत्येकडे धनु रास पाहावी. तेथें लहानशा दुर्बिणींतून धुक्याच्या ठिपक्याएवढा एक पुंज दिसतो. मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदानें १७७८ सालीं तो पाहिला आणि आपल्या यादींत त्यास ५४ वा क्रमांक दिला. दोन शतकांहून अधिक काळ तो आपल्याच आकाशगंगेचा मानला गेला. वास्तविक तो त्या तुटणाऱ्या परकी दीर्घिकेच्या मध्यावर आहे. तिचे बाकीचे तारे वाटेला लागले, तरी हा पुंज अद्याप जागचा हललेला नाहीं.