कोऱ्या नमुन्याची साक्ष

एरिक डेवाई हे कॅनडातील सार्वजनिक आरोग्याचे संशोधक. १९८०च्या दशकात क्विबेक प्रांतात ते आईच्या दुधातील पीसीबी या रसायनांचे प्रमाण तपासत होते. तुलनेसाठी निर्मळ दूध हवे होते. उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूइट मातांकडे ते मिळेल अशी अपेक्षा होती. तिथे ना कारखाने, ना फवारणीची शेती. प्रत्यक्षात त्यांच्या दुधात दक्षिणेतल्या मातांपेक्षा सुमारे पाचपट पीसीबी निघाले. सील आणि देवमाशाची चरबी हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. विष त्यातून आले होते.

पीसीबी, डीडीटी ही चिवट सेंद्रिय प्रदूषके. ती सहजी विघटित होत नाहीत, पाण्यात जेमतेम विरघळतात, चरबीत मात्र साठतात. वारे आणि सागरी प्रवाह त्यांना दूरवर नेतात. प्लवकांतून माशांत, माशांतून सीलमध्ये अशी त्यांची मात्रा पायरीपायरीने वाढत जाते.

मग मुळात समुद्राच्या पाण्यात ती असतात तरी किती? खुल्या समुद्रात लिटरमागे बहुधा काही पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. लिटरमागे दहा पिकोग्रॅम धरले, तर ऑलिंपिक तलावातल्या २५ लाख लिटर पाण्यात मिळून २५ मायक्रोग्रॅम भरतील. मिठाच्या एका कणापेक्षाही कमी.

म्हणून जहाजावरून शेकडो लिटर पाणी पंपाने ओढावे लागते. काचतंतूंच्या गाळणीत कण अडकतात आणि विरघळलेले रसायन पुढच्या राळेच्या नळीत धरले जाते. प्रयोगशाळेत ते द्रावकाने काढून घेतात. त्याआधी जड कार्बन असलेले तेच रसायन मोजून मिसळतात. त्यातले किती हाती परत आले, यावरून वाटेत झालेली गळती कळते. शेवटी गॅस क्रोमॅटोग्राफ घटक वेगळे करतो आणि वस्तुमान-वर्णपटमापक त्यांची ओळख पटवतो.

खरी अडचण यंत्राची नाही, मोजणाऱ्याची आहे. पीसीबी एकेकाळी रंगांत, सांधे भरण्याच्या लुकणात, विजेच्या उपकरणांत सर्रास वापरले जात. जुन्या जहाजाचा रंग किंवा प्रयोगशाळेतली हवासुद्धा नमुना बाटवू शकते. यावरचा उपाय म्हणजे कोरा नमुना. अशीच एक नळी जहाजावर न्यायची, उघडायची, पाणी न घालता बंद करायची आणि तिच्यावर बाकीचे सारे सोपस्कार करायचे. तिच्यात जे सापडेल, ते समुद्राचे नव्हे, आपले. शोधमर्यादाही बहुधा यावरूनच ठरते : कोऱ्या नमुन्यांची सरासरी, अधिक त्यांच्या प्रमाणविचलनाची तिप्पट. त्याखालचा आकडा समुद्राच्या नावावर टाकता येत नाही.

याचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. २००१च्या स्टॉकहोम कराराने सुरुवातीला अशा १२ प्रदूषकांवर निर्बंध आणले. भारताने २००६ साली त्याला मान्यता दिली. आपल्याकडे हिवतापाविरुद्ध घरोघरी भिंतींवर फवारलेली डीडीटीही त्यात आहे. रोगवाहक कीटकांपुरती तिला सूट आहे. बंदीचा समुद्रावर परिणाम झाला का, हे अनेक दशकांच्या मोजणीतूनच कळणार. पण जुना आकडा मोठा आणि नवा लहान असेल, तर समुद्र स्वच्छ झाला की प्रयोगशाळा? आकड्याशेजारी कोऱ्या नमुन्याची नोंद असेल, तरच याचे उत्तर देता येते.