संगणकाचे कोठार आणि मोकळी जागा

नवा संगणक बटण दाबल्याबरोबर कामाला हजर होतो. दोन-तीन वर्षे जातात, आणि एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकते : डिस्कवरची जागा संपत आली आहे. मग घाईघाईने काहीबाही पुसण्याचा कार्यक्रम सुरू होतो. कुणी नातवाच्या बारशाचे फोटो पुसतो, कुणी नाव माहीत नसलेल्या फाइली उडवतो, तर कुणी ओळखीच्या मुलाला बोलावून सगळा संगणकच ‘फॉरमॅट’ करून घेतो. जागा मिळते, पण काय गेले, हे कळायला कधी कधी सहा महिने लागतात. तेव्हा ही जागा म्हणजे नेमके काय, ती कशाने भरते आणि ती बेताने मोकळी कशी करावी, हे आज समजून घेऊ या.

संगणकातला मजकूर साठवण्यासाठी पूर्वी फिरती तबकडी असे. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या धुडात जेमतेम ५ एमबी मजकूर मावत असे. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तेवढी जागा घेतो. तबकड्या पुढे लहान होत गेल्या, पण फिरत राहिल्या. त्यांची जागा आता बहुतेक लॅपटॉपमध्ये सॉलिड स्टेट ड्राइव्हने, म्हणजे एसएसडीने घेतली आहे. तिच्यात फिरणारे काहीही नाही. असतात त्या फक्त चिप्स, आणि वीज बंद झाली तरी त्यांतला मजकूर टिकून राहतो.

या चिप्सचे जनक जपानचे फुजिओ मासुओका. तोशिबा कंपनीत काम करत असताना १९८० च्या दशकात त्यांनी ‘फ्लॅश’ स्मृती घडवली. यातली मोठा भाग एकदम, क्षणार्धात पुसण्याची रीत पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडले. आज एसएसडीत वापरला जाणारा ‘नॅन्ड’ हा प्रकार त्यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडला. ‘मोठा भाग एकदम पुसणे’ ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

एसएसडीतली जागा लहान लहान पानांत विभागलेली असते. एका पानावर साधारण ४ ते १६ केबी मजकूर मावतो. अशी शेकडो, कधी हजारो पाने मिळून एक ब्लॉक होतो. लिहिताना एकेक पान लिहिता येते. पुसताना मात्र एकच पान पुसता येत नाही, अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. शिवाय लिहिलेल्या पानावर, ते पुसल्याशिवाय, पुन्हा लिहिताही येत नाही.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. पाहुणे एकेक करून येतात आणि स्वच्छ पानावर बसतात. उष्ट्या पानावर दुसऱ्याला बसवत नाहीत, आणि पाने उचलायची ती पूर्ण पंगत उठल्यावरच. आता समजा, चाळीस जण उठले, पण चार आजोबा अजून सावकाश ताकभात खात आहेत. लग्नघरात आपण त्यांच्यासाठी थांबतो. एसएसडी थांबत नाही. ती त्या चौघांना उचलून दुसऱ्या पंगतीत नव्या पानांवर बसवते आणि मग पहिली पंगत साफ करते. ड्राइव्हमध्ये ‘कंट्रोलर’ नावाची एक चिप असते. हा उद्योग ती आपल्याला नकळत दिवसभर करत असते.

पण त्या चौघांना बसवायला दुसरी पंगत रिकामी हवी ना? मांडव ऐसपैस असेल तर कुणाला काही जाणवत नाही. मांडव खचाखच भरलेला असेल, तर नवा पाहुणा दारात ताटकळत उभा राहतो. भरलेला संगणक लिहिताना अडखळतो, त्यामागचे एक कारण हेच. दुसरे असे, की या हलवाहलवीत नवी पाने खर्च होतात. म्हणजे आपण एक फाइल लिहितो, आणि ड्राइव्हला प्रत्यक्षात त्याहून अधिक लिहावे लागते. चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता येतो, त्यामुळे ड्राइव्हची झीजही त्या प्रमाणात वाढते.

आणखी एक गोष्ट. आजच्या ड्राइव्हमध्ये एकेका कप्प्यात ३ किंवा ४ बिट्स कोंबलेले असतात. ३ बिट्ससाठी विजेच्या भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, ४ बिट्ससाठी १६. हे नाजूक काम असल्याने त्याला वेळ लागतो. म्हणून बरेच ड्राइव्ह मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता एका बिटाचा धरून तिथे भराभर लिहून घेतात, आणि सवडीने तो मजकूर दाटीत नेऊन बसवतात. पाहुणे एकदम आले तर आपण त्यांना आधी ओसरीवर बसवतो, तसेच हे. घर भरत गेले, की ही ओसरीही आकसते.

मग जागा किती मोकळी ठेवावी? काटेकोर आकडा नाही, पण ढोबळ नियम म्हणून १५ ते २० टक्के धरून चालावे. पाव टीबीच्या, म्हणजे २५६ जीबीच्या ड्राइव्हमध्ये चाळीसेक जीबी. इथे एक शंका हमखास येते. खोक्यावर २५६ जीबी लिहिलेले असते आणि विंडोज २३८ दाखवते, ५१२ च्या जागी ४७६. यात फसवणूक नाही. कारखानदार १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज १,०२४ च्या हिशेबाने, म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइट धरते. माल तेवढाच आहे, फक्त माप वेगळे.

झिजेची मात्र अवाजवी धास्ती नको. १ टीबीच्या एका प्रचलित ड्राइव्हला, सॅमसंगच्या ८७० इव्होला, कंपनीने ६०० टीबी लिखाणाची हमी दिली आहे. रोज ३० जीबी लिहिले तरी तेवढे लिखाण व्हायला २० हजार दिवस, म्हणजे चोपन्न वर्षे लागतील. घरगुती वापरात लिहून लिहून ड्राइव्ह संपत नाही. मधेच एखादा भाग निकामी होऊन तो अचानक बंद पडू शकतो, आणि भीती खरी आहे ती त्याची.

आता पुसण्याकडे वळू. हार्ड डिस्कवरची फाइल पुसली, की संगणक फक्त अनुक्रमणिकेतले नाव खोडायचा. मजकूर जागेवरच असायचा. म्हणून जाणकार माणूस पुष्कळदा तो परत मिळवून देत असे. एसएसडीत ही सवलत जवळजवळ संपली आहे. पंगतीतून कोण उठले, हे वाढप्याला कळले नाही, तर तो रिकाम्या पानांनाही वाढत बसेल. ते कळावे म्हणून संगणक ड्राइव्हला ‘ट्रिम’ नावाचा निरोप पाठवतो : अमुक पाने आता आमच्या कामाची नाहीत. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय विंडोजमध्ये आहे. निरोप मिळाला, की ड्राइव्ह ती पाने सवडीने कायमची साफ करतो. ड्राइव्हच्या तब्येतीला हे उत्तम; पण रिसायकल बिन रिकामी केल्यावर ‘अरे, ती फाइल हवी होती’ असे म्हणायची सोय उरत नाही. तेव्हा आधी प्रत, मग झाडू, हा क्रम कधीही उलटा करू नये.

झाडू कुठून फिरवावा? विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘स्टोरेज’ उघडा. कोणत्या खात्यावर किती जागा गेली, याचा जमाखर्च तिथे मांडलेला असतो. आधी हा हिशेब वाचा. बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते : चित्रफिती, मोबाइलवरून उतरवलेले फोटो, एकदाच वापरून विसरलेले प्रोग्रॅम आणि डाउनलोड्सचे फोल्डर. त्यात तेच वीजबिल चार वेळा उतरवलेले सापडते, आणि सुप्रभातच्या फुलांना तर गणतीच नाही. रिसायकल बिनमध्ये टाकलेली फाइल जागा अडवूनच बसते, हेही विसरू नये.

तिथेच ‘टेम्पररी फाइल्स’ अशी यादी मिळते. विंडोजची मोठी सुधारित आवृत्ती बसवली, की जुन्या आवृत्तीची प्रत ‘विंडोज डॉट ओल्ड’ या नावाने राहते आणि बरेच जीबी खाते. एरवी दहा दिवसांनी ती आपोआप जाते. सगळे सुरळीत चालत असेल तर आधी काढायलाही हरकत नाही. मात्र याच तात्पुरत्या फाइलींच्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही एक नाव असते. सगळ्या चौकोनांत धडाधड खुणा करत गेलात, तर उतरवून ठेवलेले प्रवेशपत्र किंवा सातबाऱ्याचा उतारा त्याबरोबर जाईल. यादी वाचूनच खूण करावी.

काही गोष्टींना हातच लावू नये. विंडोजच्या फोल्डरात शिरून मोठी दिसते म्हणून फाइल उडवू नये. संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. एसएसडीचे डीफ्रॅगमेंटेशन करू नये. विखुरलेला मजकूर एकत्र आणण्याचा फायदा फिरत्या तबकडीला होता, इथे त्याने फक्त झीज वाढते. विंडोजची ‘ऑप्टिमाइझ’ सोय ड्राइव्हचा प्रकार ओळखून एसएसडीला ट्रिमचा निरोप देते, तेवढे पुरे. आणि ‘एका क्लिकमध्ये संगणक सुसाट’ अशी जाहिरात करणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांपासून चार हात दूर राहावे.

आपल्याकडे आणखी एक रीत आहे. संगणक जोडून देणारा दुकानदार लहानशा ड्राइव्हचेही ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन वाटे करून देतो. मग विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम असलेला ‘सी’ तुडुंब भरतो आणि ‘डी’ मोकळा राहतो. अशा वेळी काही पुसण्याआधी ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ ही फोल्डरे ‘डी’वर हलवावीत. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लोकेशन’ बदलले, की काम होते. ‘सी’मध्ये जागा नसेल, तर सुरक्षेसाठी येणाऱ्या सुधारणाही अडून राहतात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि विंडोज ११ ला किमान ६४ जीबीचा ड्राइव्ह लागतो. कोंदटलेला ‘सी’ अशा बदलातही आडवा येतो.

दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर फाइली ठेवणाऱ्यांनी एक फरक जाणून घ्यावा. वनड्राइव्हमध्ये फाइलवर उजवी कळ दाबून ‘फ्री अप स्पेस’ म्हटले, तर फक्त इथली प्रत जाते, तिथली राहते. पण तीच फाइल ‘डिलीट’ केली, तर ती सगळीकडून जाते. तिथल्या कचरापेटीत ती काही दिवस सापडते, नंतर नाही. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे, आणि १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेले फोटोही त्या हिशेबात धरले जातात. म्हणजे तिथलेही कोठार कधीतरी भरणारच.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे फाइलीचा आकार आणि तिचे मोल यांचा काही संबंध नसतो. चित्रपट ४ जीबीचा असतो. आईने टंकून ठेवलेल्या पाककृती ४० केबीच्या. मराठी घरांत तर आणखी एक पेच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलेला असतो. संगणक फॉरमॅट करताना तो फॉन्ट गेला, तर फाइल राहते, पण वाचता येत नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. संस्थेची इतिवृत्ते, वडिलांच्या कविता, अर्धवट राहिलेला प्रबंध असे काही असेल, तर फॉन्टची फाइल सोबत जपावी आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. फॉन्ट काढून जागाही फारशी मिळत नाही.

म्हणून जपायच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी. वेगळी डिस्क वर्षानुवर्षे कपाटात पडणार असेल, तर ती जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असलेली बरी. एसएसडीतला विजेचा भार हळूहळू झिरपतो. या क्षेत्रातल्या मानकानुसार, आयुष्यभराचे लिखाण पूर्ण झालेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सियसला एक वर्ष मजकूर टिकवावा, एवढीच अपेक्षा असते. नवा ड्राइव्ह यापेक्षा बराच जास्त टिकवतो. पण विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद कपाटात काय तापमान असते, ते सांगायला नको.

दर तीन महिन्यांतून एक रविवार यासाठी राखून ठेवावा. आधी प्रत काढावी आणि ती उघडते ना, ते पाहावे. मग जमाखर्च वाचावा, आणि शेवटी झाडू घ्यावा. सगळे मिळून तासाभराचे काम आहे. घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून घेतले, तर कोणती फाइल का ठेवायची, हे त्यांनाही कळेल. पुढे हे कोठार त्यांच्याच हाती जायचे आहे.