प्रौढ विद्यार्थी, फ्रेंचचा वर्ग आणि मराठीचे व्याकरण

पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत भरणारे विद्यापीठाचे वर्ग असोत अथवा आलियाँस फ्राँसेझचे, फ्रेंच शिकणाऱ्यांत नोकरदार, गृहिणी व निवृत्त व्यक्तीही असतात. कोणास कॅनडातील स्थलांतरासाठी गुण हवे असतात, तर कोणास केवळ भाषेची ओढ असते. 'या वयात नवी भाषा कशी येणार?' ही शंका मात्र अनेकांच्या मनात असते. मराठी मातृभाषा असलेल्या प्रौढांच्या संदर्भात या शंकेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लहान मूल परभाषा लवकर शिकते, हा समज सर्वस्वी खरा नाही. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांविषयीचा स्नो व हॉफ्नागेल-हले यांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या काही महिन्यांत किशोर व प्रौढ यांची प्रगती सर्वाधिक जलद, तर ३ ते ५ वर्षांच्या मुलांची कामगिरी सर्वांत कमी आढळली. दीर्घकाळात, विशेषतः उच्चारांत, मुले पुढे जातात हे खरे. तथापि नियम जाणून घेण्याची क्षमता आणि पूर्णतः आत्मसात केलेली एक भाषा ही प्रौढांची शिदोरी असते. ही शिदोरी बहुधा वर्गाबाहेरच राहते, कारण फ्रेंच नियमांचे स्पष्टीकरण द्यावयाचे झाल्यास ते इंग्रजीतून दिले जाते.

वस्तुतः अनेक ठिकाणी मराठी अधिक जवळची आहे. 'तू' व 'तुम्ही' हा भेद जाणणाऱ्यास फ्रेंचमधील 'त्यु' व 'वू' वेगळे शिकवावे लागत नाहीत. नामाच्या लिंगानुसार विशेषण बदलते, हेही त्यास नवे नाही. अर्थात लिंगे जुळतीलच असे नाही: चंद्र तेथे स्त्रीलिंगी आहे, आणि नपुंसकलिंग नसल्याने पुस्तक पुल्लिंगी ठरते.

भूतकाळाचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'त्याने लेख लिहिला', 'त्याने चिठ्ठी लिहिली' या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. इंग्रजीत असे काही घडत नाही. फ्रेंचमध्ये 'इल आ एक्रि ला लेत्र' (त्याने चिठ्ठी लिहिली) येथे कर्म नंतर आल्याने धातुसाधित बदलत नाही. परंतु 'ला लेत्र किल आ एक्रित' (त्याने लिहिलेली चिठ्ठी) येथे कर्म आधी येताच त्यास स्त्रीलिंगी रूप मिळते. इंग्रजीतून हा नियम विक्षिप्त वाटतो. मराठीतून तो ओळखीचा, फक्त कर्माच्या स्थानाची अट घातलेला दिसतो. मात्र 'ती झोपली' या धर्तीवर फ्रेंच धातुसाधितास स्त्रीलिंगी प्रत्यय लावल्यास चूक होते, हे शिक्षकाने आधीच सांगितलेले बरे.

उच्चारांतही अडसर बहुधा इंग्रजीचाच असतो. फ्रेंच 'त' व 'द' मराठीप्रमाणे दंत्य आहेत; तरीही रोमन अक्षरे दिसताच विद्यार्थी 'ताब्ल' न म्हणता 'टेबल' म्हणतो! 'त्यु'मधील स्वर मात्र खरोखर नवा आहे. ओठ 'ऊ'साठी गोल ठेवून 'ई' म्हणण्याचा प्रयत्न केल्यास तो साधतो.

सर्वांत कठीण बाब संकोचाची. आपल्या क्षेत्रात अधिकाराने बोलणाऱ्या व्यक्तीस विशीतील सहाध्यायांसमोर अडखळणे कमीपणाचे वाटते. ती व्याकरणाची वही भरते, पण बोलत नाही. याची किंमत परीक्षेत मोजावी लागते. डेल्फ परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास एकूण ५० गुण लागतात आणि प्रत्येक विभागात किमान ५. संभाषणात ४ गुण मिळालेला उमेदवार उर्वरित तीन विभागांत कितीही पुढे असला तरी अनुत्तीर्ण ठरतो.